पट्टी किती इंची

माझा डावा खांदा वर जात नाही. दोन वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत मातीच्या उंच पाळीवरून घसरून पडले, तेव्हापासून तो हात छातीपर्यंत येतो आणि थांबतो. खालचं उचलता येतं, धरता येतं, वाहून नेता येतं. फक्त कुऱ्हाड डोक्यावर नेता येत नाही, आणि ती डोक्यावर गेली नाही तर लाकूड फुटत नाही. मी या वयात लाकूड कापायची मशीन का घेतली, असं लोक विचारतात. कारण एवढंच आहे.

गॅस आहे माझ्याकडे. चहा त्याच्यावर होतो. पण अंघोळीचं पाणी, रोजचा भात आणि गाईचा कोंडा चुलीवरच शिजतो. आमचं गाव मूल शहरापासून बसने तासाभरावर, जंगलाला लागून आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की सिलिंडरची गाडी गावात येत नाही. तेव्हा चूलच.

पूर्वी आम्ही बाया जंगलातून मोळ्या आणायचो. आता जात नाही. वाघ तेव्हाही होता, पण आता तो तळ्याच्या पाळीपर्यंत येतो. पलीकडच्या गावातली एक बाई सरपणाला गेली ती परत आलीच नाही. त्यानंतरही जो जंगलात जाईल त्याला मी धीट म्हणणार नाही.

मागच्या पावसाळ्यात माझी लाकडं संपली. पोळ्याला अजून पंधरा दिवस होते. मी गोठ्याचं फाटक तोडलं आणि जाळलं. सागाचं जुनं फाटक होतं, छान जळलं. पोळ्याला मुलगा भद्रावतीहून आला. अंघोळ झाली, कपडे घातले, आणि गोठ्याकडे गेला तर फाटकाच्या जागी दोर बांधलेला.

"माय, फाटक कुठी गेलं?"

"आता ज्या पाण्यानं अंघोळ केली ना तू, त्याच्या खाली गेलं."

तो हसला नाही. जाताना त्याने पडवीत उभं राहून वर तुळईकडे बोट केलं.

"पुढच्या मिरगाच्या आत इथपासून तिथपर्यंत लाकडं रचलेली दिसली, तं तू खुशाल इथी राह्य. नाई दिसली तं माह्यासंग चाल. मंग मी तुह्यं काई आयकणार नाई."

मी म्हटलं, ठीक आहे. मुलगा बोलला तसा वागतो. मीच तसा वाढवला आहे, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

भद्रावतीला त्याच्या दोन खोल्या आहेत. सून चांगली आहे. मी एकदा तिथे अकरा दिवस राहिले. पाणी नळाला, भात कुकरमध्ये, गाय नाही, अंगण नाही. चौथ्या दिवशी मी त्यांचा जिना झाडला. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यापर्यंत झाडत गेले. सहाव्या दिवशी शेजारणीने सुनेला विचारलं की ही कामवाली कुठून आणली, आम्हालाही पाहिजे. सून बिचारी रडवेली झाली. मला त्याचं काही वाटलं नाही, काम चांगलं झालं म्हणूनच तिने विचारलं असेल. पण मी तेव्हाच ठरवलं की इथे राहायला यायचं नाही. हातपाय चालतात तोवर माझ्या चुलीपुढे मीच बसणार.

लाकूड नव्हतं असं नाही. आमच्या शेताच्या धुऱ्यावर चार बाभळी पाणी साचून वाळल्या होत्या. वनरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, सागाला हात लावायचा असेल तर आधी माझ्याकडे या, तुमच्या शेतातल्या बाभळीचं तुमचं तुम्ही पाहा. शेजारी माझी धाकटी जाऊ राहते. तिच्या मुलाकडे ट्रॅक्टर आहे आणि पेट्रोलवर चालणारी मोठी मशीनही आहे. गावोगाव लोकांची झाडं कापून देतो. चैत्रात त्याने एका दिवसात चारही बाभळी पाडल्या, फांद्या छाटल्या, खोडं ओढत आणून माझ्या अंगणात टाकली.

"मोठीमाय, चार दिवसांनी येऊन बारीक करून देतो."

चार दिवसांचे पंधरा झाले. त्याचा दोष नाही. त्याला लग्नसराईत सगळीकडून बोलावणं असतं. लग्नाच्या जेवणाला लाकूड लागतं आणि लग्न माझ्या पडवीसाठी थांबत नाही. कुऱ्हाडवाला पाहावा तर गावातले तरणे पुरुष मूलच्या राइस मिलमध्ये, नाहीतर कोरपन्याकडे सिमेंटच्या कामाला. कुऱ्हाड चालवणारा एकच उरला आहे आणि तो माझ्याहून म्हातारा. खोडं अंगणात पडली होती आणि कोंबड्या त्यांच्यावर चढून बसत होत्या. मी ठरवलं, आपलीच मशीन घ्यायची. कोणाची वाट पाहायला नको.

आता कोणती घ्यायची ते. या मशीनला एक लांब चपटी पट्टी असते आणि तिच्या कडेने दातांची साखळी फिरते. मशीन किती इंची म्हणजे ती पट्टी किती इंची. बाकी मला काही माहीत नव्हतं. पण लाकडाचं माप मला येतं असं मला वाटत होतं.

तरुणपणी मी सोळा हंगाम जंगल खात्याच्या कुपात काम केलं. कूप म्हणजे जंगलाचा कापायला काढलेला तुकडा. तिथे झाड मोजतात ते गोलाईने. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळायचा आणि आकडा ओरडायचा. टेपचं एक टोक माझ्याकडे असायचं. झाड लहान की मोठं, ठेवायचं की पाडायचं, सगळं गोलाईवर. आमच्याकडे आजही कोणी झाडाची जाडी सांगत नाही. दीड हाताचं झाड म्हटलं की ते दीड हात गोलाईचं. आमची सगळ्यांची जीभ तशीच वळली आहे.

तर मी सुतळी घेतली, सगळ्यात जाड खोडाला गुंडाळली, गाठ मारली आणि शिवणाच्या टेपवर धरली. छत्तीस इंच. पुतण्या त्या दिवशी जेवायला घरी आला होता. त्याला सांगितलं.

"छत्तीस?" तो म्हणाला. "मंग बावीसचीच घे मोठीमाय, माह्यावानी. त्याच्यापेक्षा मोठी इथी भेटत नाई. अठराची घेशीन तं लाकडात अटकून राहीन."

त्याच्या मशीनने तीच खोडं कापली होती. पट्टी पलीकडून किती बाहेर निघते हे त्याने पाहिलं असेल का? मला वाटतं नाही. मोठी मशीन हातात असली की माणूस तिच्या आवाजाकडेच पाहतो. आणि मी त्याला का बोलू, मला तरी कुठे सुचलं?

घेण्याआधी चालवून पाहावी म्हटलं. पुतण्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला मूलला गेला आणि मशीन जावेच्या घरी राहिली. मी सकाळी जाऊन घेऊन आले. त्याला विचारलं नव्हतं, हे खरं आहे. जाऊ मागोमाग आली.

"बाई, पोट्टा मले बोलन."

"त्याले सांग मी नेली म्हून. मले बोलू दे त्याले."

"तुले बोलाची त्याची हिंमत हाय का? म्हून तं मले बोलते."

मशीन उचलली तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पाण्याने भरलेला हंडा कमरेवर घेतला तर जड लागत नाही, तोच हात लांब करून धरला तर लागतो. ही मशीन तशीच होती. सगळं वजन पुढे, पट्टीकडे. पण मी ठरवलं होतं, त्यामुळे चालू केली. दोरी उजव्या हाताने ओढायची असते, तो हात माझा चांगला आहे. तिसऱ्या ओढीला सुरू झाली.

खोड ढिगावरच होतं, मागे दुसरी खोडं. मी मधोमध पट्टी टेकवली. भुसा उडायला लागला, वाळलेल्या बाभळीचा लाल भुसा, आणि मशीन लोण्यातून जावी तशी खाली जायला लागली. मला बरं वाटलं. जाऊ बाजूला उभी होती. ती ओरडली, "बाई, हे पाह्य, मांगून वीतभर जीभ काढून राह्यली!"

ती काय म्हणते ते ऐकायला मी मान वळवणार तेवढ्यात पट्टीचं पलीकडे निघालेलं टोक मागच्या खोडाला लागलं. मशीन उसळली. एखाद्या गोऱ्ह्याने मान झटकावी तशी वर आणि माझ्याकडे आली. मुठीपुढची ढाल माझ्या मनगटाला लागली, ती दबताच साखळी जागच्या जागी थांबली, मशीन एका बाजूला पडली आणि मी दुसऱ्या बाजूला. ज्या बाजूला पडले तिथे पुतण्याने छाटलेल्या बाभळीच्या फांद्या होत्या.

तासभर मी पडवीत पालथी पडून होते आणि जाऊ चिमट्याने पाठीतले काटे काढत होती. एकेक काटा काढून मला दाखवायची.

"हा पाह्य केवढा."

"दाखवू नोको. काढ."

"तुले पोट्ट्यायसारखं चालवाची हौस कायले वं बाई?"

"हौस नाई. मिरगाले तो येऊन राह्यला न्यायले."

यावर तिने पुढचा काटा न दाखवताच काढला. मी भद्रावतीला गेले तर तिला शेजारी बोलायला कोणी राहणार नाही, हे तिला माहीत आहे. पण माझी पाठ संपल्यावर तिने घरी जाऊन माझ्या मुलाला फोनही केला. दोन्ही गोष्टी ती करते. तिचा हात फोनवर फार चालतो.

काटे निघाल्यावर मी उठले. मशीन बंद होती, ती उचलली आणि पट्टी खोडाच्या कापलेल्या बुंध्यावर आडवी ठेवली. अलीकडची कड जुळवली. पलीकडे पट्टी बाहेर. वीत लावून पाहिली, वीतभर भरली आणि वर थोडी. म्हणजे बावीसमधली दहा इंच पट्टी लाकडात नव्हतीच. ती हवेत फिरत होती आणि मागे जे सापडेल त्याला टोक लावत होती.

खोड बारा इंच जाड होतं. मी छत्तीस म्हणत होते.

सुतळी खुंटीला होती. ती काढली, तिच्या तीन घड्या केल्या आणि बुंध्यावर आडवी धरली. कडेपासून कडेपर्यंत बरोबर बसली. आणि मला माझाच राग आला. कारण हे मला येत होतं. धान ठेवायची बांबूची ढोली असते, तिचं झाकण बुरुडीण विणून देते. ढोली घेऊन कोणी तिच्याकडे जात नाही. तोंडाभोवती दोरी फिरवायची, दोरीच्या तीन घड्या करायच्या आणि ती घडी तिला द्यायची. तेवढ्या रुंदीचं झाकण बसतं. लग्न झाल्यापासून मी हे करत आले. पण झाकणाचं माप झाकणाला आणि झाडाचं माप झाडाला, असं डोक्यात दोन खोल्यांत ठेवलेलं. मधलं दार कधी उघडलं नव्हतं.

मग बाकीची खोडं मोजली. एकच बारा इंची होतं. बाकी दहा, नऊ, आठ. फांद्या चार आणि पाच. म्हणजे मला चौदा इंची पट्टी पाहिजे. जाडीपेक्षा दोन बोटं-चार बोटं जास्त, की आरपार जाईल आणि पलीकडे शेपूट राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मुलगा आला. त्याने आधी माझं मनगट पाहिलं, मग मशीन पाहिली, मग आत जाऊन माझी कापडी पिशवी काढली आणि खाटेवर ठेवली.

"भर यात कपडे."

"मिरुग अजून दूर हाय."

"मिरगाचं गेलं चुलीत. तू हात कापून घेशीन माय. मले लोक काय म्हणतीन?"

"लोक काय म्हणतीन म्हून मी जाऊ? ते सांग, तुले काय वाटते?"

तो खाटेवर बसला. मग म्हणाला, "मले भेव वाटते."

हे मला चांगलं वाटलं. खरं बोलला की त्याच्याशी बोलता येतं. मी त्याला हात धरून अंगणात नेलं. पट्टी खोडावर ठेवून दाखवली, सुतळीच्या घड्या करून दाखवल्या.

"मशीन चुकली नाई. माप चुकलं. चौदाची असती तं टोक मांगं लागलं नसतं. वजनानं बी अर्धी असती. आज मूलले चाल, चौदाची मशीन माह्या हातात धरून पाह्यतो. हात थरथरला तं मी आजच पिशवी भरतो."

"आणि नाई थरथरला तं?"

"तं मिरगापर्यंत तोंड बंद ठेवजो."

त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चाल," म्हणाला.

मूलला बाजाराच्या रस्त्यावर शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. फवारणी पंप, मोटारी, पाइप आणि एका भिंतीला मशीनी टांगलेल्या. दुकानदार माझ्याशी न बोलता मुलाशी बोलायला लागला. बावीसची खाली काढली. सगळे हीच नेतात, म्हणाला.

"भाऊ, चालवाची मले हाय," मी म्हटलं.

"तुम्हाले? आजी, मंग हे पाहा." त्याने एक वीतभर पट्टीची बॅटरीवाली पुढे केली. पेरूच्या झाडाच्या फांद्या छाटायला लोक नेतात ती.

"हे घेऊन मी बाभळीच्या कानातला मळ काढू का? चौदा इंची दाखवा."

"चौदा कोनी मांगत नाई आजी. मोठ्या लाकडाले लहान पडते, लहान लाकडाले मोठी होते."

"माह्यं लाकूड मले माहीत हाय."

मी सुतळी काउंटरवर ठेवली, घड्या केल्या, त्याच्याच टेपवर धरायला सांगितलं. त्याने धरली. बारा. मग तो शिडी लावून वर चढला आणि पोटमाळ्यावरून एक खोकं काढलं. त्यावर बोटभर धूळ होती. आत चौदा इंची पेट्रोलची मशीन. नवी, कोणी न विचारलेली.

मी म्हटलं, आता तुम्ही चहा मागवा. त्याला वाटलं सौदा ठरला. चहा आला. मी आधी बावीसची घेतली, कमरेच्या उंचीवर हात थोडे पुढे करून धरली, आणि मुलाला म्हटलं, तू चहा पी. त्याचा अर्धा कप झाला तेव्हा पट्टीचं टोक खाली वाकलं. मी वर करायला गेले तर डावा खांदा दुखला. ठेवली. मग चौदाची घेतली. त्याने उरलेला चहा पिऊन कप ठेवला. दुकानदाराने स्वतःचा चहा पिऊन संपवला. मी धरूनच होते. हात थरथरला नाही. खोटं सांगत नाही, शेवटी दंडाला रग लागली होती, पण पट्टी खाली गेली नाही.

"पुरे माय," मुलगा म्हणाला. "ठेव आता."

पैसे माझे होते, धानाचे. मुलाने खिशात हात घातला तो मी काढायला लावला.

दुकानदाराने पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते दाखवलं, साखळीचं तेल वेगळ्या टाकीत असतं ते दाखवलं, साखळी किती ढिली ठेवायची ते दाखवलं. मी सगळं त्याच्यासमोर स्वतः करून पाहिलं. शेवटी त्याने गोल कानस काढून दिली. वाळलेली बाभूळ साखळीचे दात खाते, म्हणाला, भुसा पिठासारखा पडायला लागला की थांबा आणि दात घासा. ही त्या दिवसातली त्याने सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट.

घरी आल्यावर पुतण्याने मला फुलीच्या आकाराच्या दोन पायांची लाकडी घोडी ठोकून दिली, गुडघ्याहून थोडी उंच. ढिगावर ठेवून कापायचं नाही हे आता मला कोणी सांगायला नको होतं. खोड घोडीवर, कापायचं टोक मोकळ्या हवेत, पलीकडे काही नाही. जड खोडं पुतण्या आणि जाऊ मिळून चढवून द्यायचे. मी काष्टा घट्ट मारायची, पदर खोचायची, मुलाने दिलेले जाड बूट घालायची. बूट त्याच्या मापाचे होते, आत चिंध्या भरल्या. जाऊ दहा पावलांवर टोपली उलटी घालून बसायची. तिचं काम एकच, कोणी माणूस, कोंबडी किंवा गाय जवळ आली की ओरडायचं. तिला ओरडायला सांगावं लागत नाही.

पुतण्या पहिल्या दिवशी उभा राहून पाहत होता. बारा इंची खोड आरपार गेलं आणि पट्टी पलीकडे दोन बोटं निघाली, तेव्हा तो म्हणाला, "मोठीमाय, मी बी चौदाची घेतो. दिवसभर ते बावीसची धरून माह्यी कंबर गेली."

"तुले लहान मशीन घेऊन हिंडाची लाज नाई वाटन?"

"तू घेतली तं मले कायची लाज?"

चुलीत दीड वीत लाकूड नीट बसतं. त्या मापाची एक काठी मी घोडीला बांधून ठेवली होती, तिच्याशी जुळवायचं, कापायचं आणि ठोकळा जाड असेल तर तोच मशीनने उभा चिरायचा. सकाळी ऊन वर येईपर्यंत दोन टाक्या पेट्रोल संपवायचं आणि मग बंद. वैशाखात आमच्याकडे दहानंतर अंगणात उभं राहवत नाही. आठवड्याने एका सकाळी मशीन पुढे जाईना. मी जोर देऊ लागले. मग खाली पाहिलं, भुसा पिठासारखा. माझाच हट्ट, तरी थांबले. कानस घेऊन बसले आणि एकेक दात घासला. विळे, खुरपी घासायची सवय आहे, त्यामुळे कोन चुकला नाही. दुपार त्यातच गेली. नंतर रोज संध्याकाळी चार-चार हात कानस मारायला लागले, मग तशी वेळ आली नाही.

दोन गाठी मात्र मला जमल्या नाहीत, बुंध्याच्या, मुळाजवळच्या. त्या चौदाच्या नव्हत्या. त्या पुतण्याला दिल्या, त्याने त्याच्या मोठीने कापल्या. जे आपल्या मापाचं नाही ते दुसऱ्याला द्यायला मला कमीपणा वाटत नाही.

मृग लागायच्या दोन दिवस आधी मुलगा आला. मी पडवीत लाकडं रचून ठेवली होती, तुळईच्या हातभर खाली. हातभर कमी होती. तो उभा राहून पाहत राहिला. मग त्याने एक गोष्ट केली जी मला अपेक्षित नव्हती. पुढे झाला आणि ढिगात मधे हात खुपसायला लागला, इथे, तिथे, खालच्या बाजूला.

कुपात जळाऊ लाकडाचे थर लावतात तेव्हा चोर ठेकेदार आडवं-उभं पोकळ रचतात. बाहेरून ढीग मोठा, आत हवा. हे त्याला मीच लहानपणी सांगितलं होतं, हसत हसत. आता तो माझाच ढीग तपासत होता. मी त्याला तपासू दिलं. एकाही जागी मनगटापुढे हात गेला नाही.

"घट्ट हाय," तो म्हणाला.

"हो."

"पण हातभर कमी हाय."

"पोकळ रचली असती तं तुळईच्या वर गेली असती."

जाऊ दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबू, बाभूळ हाय ते. पळसावानी भुरकन जळत नाई. पोळा काय, दिवाळी निंगते त्याच्यात."

तिला कोणी विचारलं नव्हतं. पण बरोबर बोलली.

तो खाली बसला, बूट काढले, चुलीवर तापलेलं पाणी घेऊन हातपाय धुतले. पिशवीचं नाव काढलं नाही. जेवताना मग म्हणाला, "दोन गोष्टी कबूल कर. काकू अंगणात असल्याशिवाय मशीन चालू कराची नाई. आणि मले रोज एक फोन कराचा."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बसमध्ये चढला.

पहिली अट मी पाळते. जाऊ घरी नसेल तर मशीन खुंटीलाच राहते, काम अडलं तरी. दुसरी पाळत नाही. रोज सांगायला असतं काय? त्याला बातमी पाहिजे असेल तर जाऊ आहेच.